पाकोळ्यांनी पास केलेला पूल

मुहतमिम साहेबांनी डोक्यावरची रुमी टोपी काढली, तिच्यावर नुकताच पडलेला पांढरा ठिपका नीट न्याहाळला, आणि मग मान वर करून कमानीकडे पाहिलं.

"गंगाधरराव," ते म्हणाले, "ये पूल आपने सरकार के वास्ते बनाया है, या इनके वास्ते?"

वर, मधल्या कमानीच्या पोटाला चिखलाची मडकी लटकत होती. एक-दोन नव्हेत. मधाच्या पोळ्यासारखी एकमेकांना चिकटून, दोहोंत एक भिंत अशी दाटीवाटीनं, कमानीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. प्रत्येक मडक्याला आखूड नळीसारखं तोंड होतं, आणि बऱ्याच तोंडांतून एकेक तांबूस टाळू बाहेर डोकावून आमच्याकडे बघत होती. तपासणी जणू आमचीच चालली होती.

"पाकोळ्या आहेत, साहेब."

"वो मुझे भी दिखता है. चीर कहाँ है?"

"त्यांच्या मागं."

साहेबांनी टोपी पुन्हा घातली नाही. ती काखेत धरून ते कमानीखालून बाहेर पडले.

आता ही चीर कसली आणि ती पाहायला जिल्ह्याचा इंजिनिअर परभणीहून जीप घेऊन का आला, ते सांगतो. मुहतमिम म्हणजे जिल्ह्याचा इंजिनिअर. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून काही वर्षं अवकाश होता. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. लोक 'ओव्हरशेर' म्हणायचे, आणि मलाही ते जास्त भारदस्त वाटायचं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही केलेली नव्हती, सगळे अंगठाबहाद्दर. मी हैदराबादला जाऊन कॉलेज केलं, तेही उर्दूतून. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि नकाशावर इंग्रजी, अशा तिन्ही भाषांत मला पूल बांधता येत होता. याचा मला गर्व होता. आजही आहे. उगीच विनय दाखवण्याचं वय गेलं.

तर हा माझा पहिला पूल. मानवतकडे जाणाऱ्या सडकेवर एक नाला आडवा येत होता. काळी माती. पावसाळ्यानंतर कापसाच्या गाड्या मानवतच्या बाजारात जायला निघाल्या की या नाल्यात चाकं आसापर्यंत रुतायची. चार बैलांची गाडी काढायला आठ बैल जुंपायचे. म्हणून इथं तीन कमानींचा दगडी पूल मंजूर झाला. चुन्यातलं बांधकाम, सिमेंट तेव्हा आमच्या वाट्याला येत नसे.

कमान बांधताना आधी खाली लाकडांचा एक साचा उभा करतात. त्याला सेंटरिंग म्हणतात. त्या साच्यावर दगड रचत दोन्हीकडून वर जायचं आणि मध्ये माथ्यावर शेवटचा दगड ठोकायचा. चुना पक्का झाला की साचा उतरवायचा. त्या क्षणी सगळं वजन पहिल्यांदा कमानीवर येतं आणि ती थोडीशी खाली बसते. माणूस दमून खाटेवर बसल्यावर खाट कुरकुरते ना, तेवढंच. पण कधी कधी बसताना माथ्यावर चीर पडते.

मधल्या कमानीला ती पडली. केसाएवढी. पावसाळ्याच्या तोंडावर.

चिरेच्या दोन जाती असतात. एक मेलेली चीर. कमान बसली, चीर पडली, गोष्ट संपली. चुना भरायचा आणि विसरायचं. दुसरी जिती चीर. ती रोज थोडी सरकते. ती असली तर कमान उतरवून नव्याने बांधायची. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आम्ही चिरेवर आडव्या काचेच्या पट्ट्या लावतो. पट्टीचं एक टोक चिरेच्या अलीकडं, एक पलीकडं, दोन्ही टोकांवर गिलाव्याचा गोळा. काच ताणली जात नाही. चीर हलली की काच तडकते. याला इंग्रजीत टेल-टेल म्हणतात. आमच्या साइटवर तिचं नाव 'चुगलखोर' पडलं होतं.

मी परांचीवर चढून माझ्या हातानं चिरेवर ओळीनं चुगलखोर बसवले. मग पाऊस लागला, काम बंद झालं, आणि मला जिंतूरकडं एका तळ्याचा बांध दुरुस्त करायला पाठवलं. परत आलो तर चुगलखोरांवर पाकोळ्यांनी घरं बांधलेली!

त्यांचं गणित मला नंतर उमगलं. ही पाकोळी चिमणीहूनही लहान. पाठ निळसर काळी, टाळू विटकरी, गळ्यावर आणि छातीवर बारीक काळ्या रेघा, पावती फाडताना शाईचा टाक झटकावा तशा. शेपूट जेमतेम खाच पडल्यासारखं. तिला तीन गोष्टी लागतात: डोक्यावर छप्पर, जवळ पाणी आणि ओला चिखल. घडीव दगडाच्या गुळगुळीत कमानीला चिखलाचा पहिला गोळा धरत नाही. पण माझ्या काचांच्या टोकांना गिलाव्याचे खरबरीत गोळे होते. आयता पाया! तिथं पहिलं घर झालं, त्याच्या भिंतीला लागून दुसरं, आणि मग सगळी आळीच्या आळी.

आता साहेबांना पाहायचं होतं की काचा फुटल्या का. आणि काचा मडक्यांच्या खाली गाडलेल्या.

"खुरचून टाका," साहेब जीपजवळ उभे राहून म्हणाले.

"खुरचलं तर खालची काच फुटेल, साहेब. मग चिरेनं फोडली की खुरप्यानं, ते कसं कळणार?"

"तो क्या इनकी मिन्नत करें?"

"ओलं फडकं लावून मडकी भिजवली तर आपोआप सुटतील. पण आत पिलं आहेत. ती उडेपर्यंत..."

"चीफ इंजिनिअर साहेब येतायत, गंगाधरराव. हैदराबादहून. खास या कमानीसाठी." साहेब जीपमध्ये बसले. "काच साबूत असली तर पूल खुला होईल. नसली तर कमान उतरवायची. आणि कमान उतरली तर आपलं मुस्तकिल होणंही उतरलंच समजा."

मुस्तकिल म्हणजे कायम. मी तोवर आरजी होतो, आज आहे उद्या नाही असा. पहिलाच पूल पडका निघालेला ओव्हरसियर खात्यानं कशाला ठेवला असता? गावी माझ्या बापानं माझी नोकरी कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. परत जाऊन औत धरायला माझी हरकत नव्हती. पण लोकांच्या तोंडाला कोण औत धरणार?

त्यात गावकऱ्यांचं वेगळंच. पुलाच्या दोन्ही तोंडांना आम्ही बाभळीच्या फांद्या आडव्या लावल्या होत्या, कोणी जाऊ नये म्हणून. ती तसदी घ्यायची गरज नव्हती. कोणी जातच नव्हतं. गाड्या पुलाला खेटून खाली नाल्यात उतरायच्या, रुतायच्या, शिव्या देत वर निघायच्या. लिंबाजी म्हणून एक गाडीवान होता, गाडीवानांचा पुढारीच. त्याला मी एकदा विचारलं.

"लिंबाजीबुवा, पूल खुला झाल्यावर तरी वरून जाल ना?"

"न्हाई बा."

"का?"

"पाकुळ्या कुठं ऱ्हात्यात, ओव्हरशेर साहेब? पडक्या गढीत. पडक्या मशिदीत. कधी चांगल्या घरात बघितल्या का? त्या तुमच्या पुलात ऱ्हायला आल्या म्हंजे पूल पडका हाय."

"अहो, त्या गढीतल्या वेगळ्या. त्या काळ्या, लांब पंखाच्या. पिसं आणि थुंकी लावून घर करतात. त्यांना भिंतीतली भोकं लागतात, म्हणून पडकं घर लागतं. या चिखलाच्या. यांना नवं-जुनं सारखंच."

लिंबाजी हसला. "पाकुळीची जातकुळी बी कॉलेजात शिकिवत्यात व्हय?"

कॉलेजात शिकवलं नव्हतं. ते मी त्या दिवसांत पुलाखाली बसून शिकलो. दुसरं काम नव्हतंच. पिलं उडाली की मडकी भिजवायची, तोवर वाट पाहायची. मग पाहता पाहता मला त्यांचं बांधकाम आवडायला लागलं.

एकदा कठड्यावरून मी पाहिलं, उशिरा आलेली एक जोडी नवं घर बांधत होती. नाल्याकाठी अजून ओल होती. ती दोघं पंख वर उचलून चिखलात उतरायची, पंखांना घाण लागू नये म्हणून, आणि चोचीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन यायची. गोळ्यावर गोळा. नर-मादी दोघंही. सकाळी एवढासा थर लावायचा आणि मग थांबायचं. दिवसभर ते वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुढचा थर. घाई केली तर ओल्यावर ओलं बसतं आणि सगळं खाली येतं. चुन्याच्या कामाचा हाच पहिला नियम. तो गुत्तेदाराला समजावण्यात माझी चप्पल झिजली होती, आणि यांना उपजत ठाऊक.

सगळंच कौतुकाचं होतं असं नाही. मालक उडून गेला की शेजारीण त्याच्या ओल्या भिंतीतला गोळा चोचीत धरून पळवायची. चिमण्या तर सरळ तयार घरात घुसून गवत भरायच्या आणि मालकावरच डाफरायच्या. दिवसभर ट्र्र ट्र्र भांडणं. आणि वर कुठं शिक्रा दिसला की भांडण जागच्या जागी सोडून सगळी आळी एकदम बाहेर, आभाळात एकच गोळा होऊन त्याच्या मागं. आमच्या गावासारखंच. पोलीस पाटील आला की भावबंद एक.

गुत्तेदार माणिकराव एकदा शेजारी येऊन उभे राहिले. गुत्तेदार म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. गडी मनानं वाईट नव्हता, पण स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं.

"साहेब, तुमी काय करायलाव म्हणायचं हे?"

"बघतोय."

"तुमच्या वडलांनी लोकाला सांगितलंय, पोरानं पूल बांधला. आन् पोरगं पुलाखाली बसून पाखरं राखायलंय."

"माणिकराव, पिलं उडाली की एकेक मडकं भिजवू. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," माणिकराव म्हणाले. "माझं काय जातंय?"

चीफ साहेबांच्या दौऱ्याआधी मला परभणीला कचेरीत बोलावलं. पुलाचे नकाशे, चुन्याच्या कामाची सगळी हकीगत, सगळं मुहतमिम साहेबांना पाठ करवून द्यायचं होतं. मी गेलो. दौऱ्याच्या सकाळी त्यांच्याच जीपमधून परत आलो.

लांबूनच सडक पांढरीशुभ्र दिसत होती.

आमच्या राज्यात एक रीत होती. कोणी बडा साहेब दौऱ्यावर येणार म्हटलं की चुना निघायचा. मैलाचे दगड, झाडांचे बुंधे, चावडीची पायरी, जे हलत नाही त्याला चुना. माणिकरावांनी बाभळीच्या फांद्यांनासुद्धा चुना लावला होता. कठडे पांढरे. पुलाचे पाय पांढरे. आणि मधल्या कमानीत परांची उभी, तिच्यावर दोन गडी खुरपी घेऊन, खाली चिखलाचा ढीग, आणि नाल्यावर पाकोळ्यांचं वादळ.

मी धावत गेलो. "उतरा! उतरा आधी!"

एका बाजूची मडकी खुरचून झाली होती. तिथली पिलं आधीच उडालेली होती, एवढं नशीब. चिरेवरची मधली आणि पलीकडच्या टोकाची मडकी अजून शाबूत होती. पण खुरचलेल्या जागी माझी काच उघडी पडली होती. दोन तुकडे झालेली.

"माणिकराव, हे काय केलंत?"

"साहेबाला चांगलं दिसावं म्हणून केलं हो. एवढा मोठा माणूस येणार आन् वर शेणामातीचे गोळे?"

"काच फुटली!"

"काच फुटली तर नवी लावू की. माझ्याकडं हाय."

तेवढ्यात सडकेवर धूळ उठली आणि चीफ साहेबांची मोटार आली.

चीफ साहेब बुजुर्ग होते. पांढरी दाढी, जाड चष्मा, हातात काठी. बोलणं हळू. असे हळू बोलणारे साहेब मला नेहमी जास्त धोक्याचे वाटत आले आहेत. ते सरळ कमानीखाली गेले, वर पाहिलं आणि काठीनं काच दाखवली.

"शीशा टूटा है."

मुहतमिम साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात माझी आणि त्यांची, दोघांची बदली लिहिलेली होती.

"हुजूर, ती आज सकाळी खुरप्यानं फुटली," मी म्हणालो. "चिरेनं नाही."

"मियाँ, प्रत्येक ओव्हरसियर हेच सांगतो." चीफ साहेब रागावले नव्हते. "शीशा एक ही गवाह था. तो फुटला. बाकीच्या काचा मडक्यांखाली, आणि मडक्यांत पिलं. मी काय पाहून पूल खुला करू?"

आणि तेव्हा, खरं सांगतो, मला ते आधी सुचलं नव्हतं. इतके दिवस मी त्या मडक्यांकडं काचेवरचं झाकण म्हणून बघत होतो. चीफ साहेब 'गवाह' म्हणाले आणि मी वर पाहिलं, तर साक्षीदार ओळीनं बसलेले.

"हुजूर, मडकी पाहा," मी म्हणालो.

"परिंदों के घर?"

"ती चिरेच्या दोन्ही बाजूंना चिकटून आहेत. काचेसारखीच. पावसात बांधलेली, आता खडखडीत वाळलेली. नाल्याला पूर येऊन गेला, नंतर ऊन पडलं. चीर जिती असती तर ही सगळी फुटली असती. वाळला चिखल काचेहून ठिसूळ असतो."

"कशावरून?"

मी ढिगातून मडक्याचा एक चांगला तुकडा उचलला. शेजारी दोन विटा मांडल्या, माणिकरावांच्या पिपातला चुना बोटानं घेऊन तुकड्याची दोन टोकं दोन्ही विटांवर लिंपली. चुना धरेपर्यंत आम्ही उभे राहिलो. चीफ साहेबांनी चहा घेतला. मुहतमिम साहेबांनी घेतला नाही.

मग मी चीफ साहेबांना म्हणालो, "हुजूर, आपणच एक वीट हलवा. दिसणार नाही एवढीच."

त्यांनी काठीच्या टोकानं विटेला नुसतं टेकल्यासारखं केलं. वीट हलली की नाही तेही कळलं नाही. तुकडा मधोमध तडकला आणि पीठ होऊन गळाला.

"हूँ," चीफ साहेब म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी मला खरा प्रश्न विचारला. "पण परिंदे मरम्मतही करत असतील. तडा गेला, गोळा आणला, लावला."

हा माणूस उगीच चीफ झालेला नव्हता.

"करतात, हुजूर. पण डागडुजी ओळखू येते. नवा चिखल गडद दिसतो. त्यांच्या घरांना गोळ्या-गोळ्यांची वीण असते, ती तिथं मोडते. चिरेच्या रेषेवर तशी ठिगळं ओळीनं दिसली तर मी स्वतः कमान उतरवायला घेतो."

"चला बघू."

"हुजूर वर?" मुहतमिम साहेब घाबरून म्हणाले. तोवर चीफ साहेबांनी काठी त्यांच्या हातात दिली होती आणि शिडीवर पाय ठेवला होता.

मी मागोमाग चढलो. म्हातारा माणूस नाक मडक्यांना लागेल इतका जवळ जाऊन एकेक घर बघत सरकत होता. आतली पाखरं मागं सरकायची, पुन्हा पुढं यायची. एका पिलानं चीफ साहेबांच्या चष्म्याकडं बघून चोच उघडली. त्याला बहुधा मोठा किडा वाटला असावा.

"ये क्या है?"

एका मडक्यावर खरंच गडद, ओलसर ठिगळ होतं. ताजं. आणि मडकं चिरेवरच.

मी वाकून पाहिलं. खालून मुहतमिम साहेब विचारत होते, "क्या हुआ? क्या मिला?" मी ठिगळावरून बोट न लावता नजर फिरवली. मग बुडाकडं पाहिलं.

"हुजूर, हे नळीवर आहे. तोंडाशी. चीर मागून जाते, बुडाखालून. बूड पाहा, जुनंच आहे, एक रेघ नाही. चिमणी आत घुसताना तोंड मोडलं असेल, ते त्यांनी नीट केलं."

चीफ साहेबांनी बूड पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग शेजारचं पाहिलं, त्याच्या शेजारचं पाहिलं. खाली उतरून त्यांनी काठी परत घेतली.

"उभ्या पुलाची गवाही झाली. आता वजनाची. गाड्या काढा वरून."

नाल्याच्या काठाला कापसाच्या गाड्या उभ्याच होत्या. साहेब लोकांचा तमाशा बघायला सगळे गाडीवान थांबले होते. मी लिंबाजीला म्हणालो, "बुवा, बाभळी काढल्यात. जाऊ द्या गाड्या वरून."

"म्या न्हाई जायचा."

"चीफ साहेब सांगतायत."

"सांगू द्या की. साहेबाला मोटार हाय. त्येंनी न्यावी." बाकीचे गाडीवान हसले. लिंबाजीनं चाबूक काखेत मारला. "एक करा. तुमी समदे खाली हुबं ऱ्हावा, कमानीच्या पोटात. मंग आमी जाताव वरून. पडलो तर संगं पडू."

मी ते चीफ साहेबांना उर्दूत सांगितलं. शेवटचं वाक्य गाळणार होतो, पण त्यांना लिंबाजीची बोलीही कळत असावी, ते हसलेच. मुहतमिम साहेबांना अचानक पलीकडच्या तोंडाचा भराव तपासायची आठवण झाली. माणिकराव म्हणाले, "माझ्या कमरेला गारवा सोसत न्हाई, मी उन्हात थांबतो."

"गुत्तेदार साहब," चीफ साहेब म्हणाले, "आप बीच में. मुहतमिम साहब, आप इधर. ओव्हरसियर साहब, आप ऐन चिरेखाली."

उभे राहिलो. चीफ साहेब माझ्या शेजारी, काठीवर दोन्ही हात ठेवून.

वर चाकांचा आवाज सुरू झाला. पहिली गाडी लिंबाजीची. मधल्या कमानीवर आली तसा सगळा दगड धडधडला, सांध्यांतून बारीक धूळ खाली झरली, आणि पाकोळ्या एका झपाट्यात आमच्या कानांवरून बाहेर पडल्या. माणिकरावांनी डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतलं. मी डोळे मिटले नाहीत. मी मडक्यांची बुडं बघत होतो. आत राहिलेली पिलं ओरडत होती. एक गाडी गेली, दुसरी, तिसरी, मागोमाग सगळ्या. कापसाचा एखादा पुंजका वरून तरंगत आला. मडक्याचा कपचासुद्धा पडला नाही.

शेवटची गाडी उतरल्यावर पाखरं परत आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडातून आत शिरली. एवढ्या सारख्या दारांत आपलं दार त्यांना कसं ओळखू येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"पूल खोल दीजिए," चीफ साहेब म्हणाले. मग वर पाहून, "आणि यांना इथंच राहू द्या. जोपर्यंत हे राहतात, तोपर्यंत कमानीची रोज तपासणी होतेय, बिनपगारी." मोटारीत बसण्याआधी त्यांनी माणिकरावांना जवळ बोलावून चुना लावलेली बाभळीची फांदी दाखवली. "ये क्यों?"

"खूबसूरत दिसावी म्हणून, हुजूर."

चीफ साहेबांनी मान हलवली आणि मोटारीत बसून काच वर केली.

मी धावत पलीकडं गेलो, लिंबाजीचं अभिनंदन करायला. पाहतो तर तो बैल वळवून गाडीसकट नाल्यात उतरलेला, चाकं रुतलेली.

"अहो बुवा, हे काय? पूल आहे ना आता!"

"चाबूक पडला हुता अलीकडं," तो म्हणाला. "घ्यायला आलतो. सवयीनं बैल खालीच वळले." मग दोन बैल आणखी जोडून आम्ही त्याला वर काढलं. परत जाताना मात्र तो पुलावरून गेला, आणि मध्ये थांबून उगीच एक पाय आपटून बघितला.

चीर मेलेलीच होती. उन्हाळ्यात आळी रिकामी झाल्यावर मी ओल्या फडक्यानं मडकी सोडवली. खालच्या सगळ्या काचा अखंड निघाल्या. मी चिरेत चुना भरला आणि पाकोळ्यांना पाया म्हणून गिलाव्याचे गोळे तसेच ठेवले. पुढच्या पावसाळ्यात त्या परत आल्या. तोवर मी मुस्तकिल झालो होतो. बापानं गावात काही सांगितलं नाही. त्याच्या हिशेबानं ते आधीच झालेलं होतं.

पुढं अनेक पूल बांधले, सिमेंटचेही. अनेक साहेबांचे दौरे सोसले. पण एक नियम मोडला नाही. दौरा ठरला की चुन्याचा कुंचला आणि खुरपं मी माझ्या खोलीत कुलपात ठेवत असे. काम मळकं दिसलं तर साहेब चिडतात, हे खरं. पण काम चकचकीत केलं तर त्यांना पाहण्यासारखं काही उरत नाही, आणि मग ते आपल्याकडे पाहतात.